पाऊस पश्चिमेला, पाणी पूर्वेला

नाशिक जिल्ह्यातला कळवण तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे बघत गेलं की एक कोडं पडतं. दळवट, कनाशीचा भाग सुरगाण्याच्या डोंगरांना लागून आहे. आषाढात तिथे पाऊस नुसता कोसळतो. कळवण शहर ओलांडून देवळ्याच्या बाजूला आलं की पाऊस बराच उतरतो. सरळ हिशेबाने टंचाई पूर्वेला आधी जाणवायला हवी, पण होतं उलटंच. होळीच्या सुमाराला पश्चिमेकडच्या पाड्यांवर बायकांची हंडे घेऊन पायपीट सुरू होते, आणि त्याच दिवसांत खाली गिरणा नदीच्या खोऱ्यात उन्हाळ कांद्याचे वाफे हिरवेगार असतात.

हे कोडं सोडवायला कोणी अभ्यासक आला, तर त्याने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते पावसाच्या साध्या गुणाकारापासून. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. समजा, एखाद्या गावाचं क्षेत्र हजार हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस अवघा ६०० मिलिमीटर. म्हणजे त्या गावावर वर्षाला ६०० कोटी लिटर पाणी उतरतं. गावाची वस्ती दोन हजार धरली आणि जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षभराच्या घरगुती वापराला लागतात सुमारे ४ कोटी लिटर. पडलेल्या पाण्याचा एक टक्काही नाही. त्यामुळे पिण्याच्या पाण्याची टंचाई ही पाऊस कमी पडल्याने होते, हे वाक्य कमी पावसाच्या गावातही पुरतं खरं नाही. पाऊस चार महिन्यांत येतो आणि तहान बारा महिने असते. मधल्या आठ महिन्यांसाठी पाणी थांबतं कुठे आणि किती दिवस, एवढंच शोधायचं असतं.

त्यासाठी खडक बघावा लागतो. हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सप्तशृंग गडाचा कडा लांबून पाहिला तरी आडवे थर दिसतात. दुरडीत एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे हे लाव्ह्याचे थर आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, ठिसूळ. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, काळा पाषाण. भेगा असतील तरच त्यातून पाणी झिरपतं, नाहीतर नाही. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा लागतो. पाणी राहतं ते मुख्यतः जमिनीलगतच्या मुरमात आणि मांजऱ्यात.

आता पश्चिमेकडचं कोडं अर्धं सुटतं. तिथे उतार तीव्र आणि माती पातळ. जे थोडं मुरतं तेही डोंगराच्या कुशीत थर जिथे कापला गेला आहे तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं आणि ओढ्याला लागतं. दिवाळीत खळखळणारा झरा शिमग्यापर्यंत थेंबावर येतो. ते पाणी नाहीसं होत नाही. ते खाली सरकतं. गिरणा उगम पावते सुरगाणा तालुक्यातल्या केमच्या डोंगरात. तिथून ती पूर्वेला वाहते आणि पुनदसारख्या उपनद्या तिला मिळतात. खोऱ्यात मातीचा आणि मुरमाचा थर जाड, उतार कमी. म्हणजे वरच्या गावांचा पाऊस खालच्या गावांच्या विहिरीत जातो. यात कोणाची लबाडी नाही, उताराचा धर्म आहे. पण टंचाईच्या अहवालात गावांची तुलना होते तेव्हा हे सहसा लिहिलं जात नाही.

दुसरी पायरी विहिरीची. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मोजण्यात काही गूढ नाही. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या हातभर भागाला खडू चोळायचा आणि टेप काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून खाली सोडायचा. वर ओढला की खडू जिथपर्यंत भिजला तिथला आकडा खुणेवरच्या आकड्यातून वजा करायचा. खूण दर वेळी तीच हवी, नाहीतर काठाच्या उंचवट्यानेच वितीचा फरक पडतो. आणि मोजण्याआधी मालकाला विचारायचं, मोटार कधी बंद केली? तासाभरापूर्वीच उपसलेल्या विहिरीचा आकडा त्या रानाच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

याहून बोलकी परीक्षा म्हणजे भरणा बघणं. समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. तिच्या तळाचं क्षेत्र झालं सुमारे २८ चौरस मीटर. मोटार बंद केल्यावर दर दहा मिनिटांनी टेप सोडत बसायचं. दहा मिनिटांत पाणी दोन सेंटिमीटर चढलं, तर जवळपास साडेपाचशे लिटर आत आले, म्हणजे तासाला साधारण ३,४०० लिटर. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला वीसेक हजार लिटर सहज बाहेर टाकते. म्हणजे तासाभराच्या उपशाला सहा तासांचा भरणा. शेतकऱ्याला हे गणित आकड्यांविना ठाऊक असतं. ‘दोन तास चालते, मग गप्प बसते,’ असं तो सांगतो. अभ्यासकाने फक्त तेच कागदावर उतरवायचं.

त्या दोन सेंटिमीटरमागे खडकाचा एक गुण दडलेला असतो. मुरलेल्या बेसाल्टमध्ये पाणी सोडण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती लागतात फक्त दोन लाख लिटर. केंद्रीय भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीनुसार सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टात पावसाच्या साधारण १३ टक्के पाणी मुरतं असं मानतात. ६०० मिलिमीटरवर ते होतं ७८ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ७ लाख ८० हजार लिटर. आणि कांद्याला लागतं किती? ३५० ते ५५० मिलिमीटर. मधला ४०० चा आकडा घेतला, तरी हेक्टरी ४० लाख लिटर. एका हेक्टर कांद्याला पाच हेक्टरांवर मुरलेला पाऊस हवा. दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, पाटाचं पाणीही भर घालतं, हे मान्य. तरी आजूबाजूच्या चार हेक्टरांनी गप्प राहायचं ठरवल्याशिवाय हा हिशेब जमत नाही, आणि कळवणात गप्प राहणारं रान शोधावं लागतं.

विहिरीची जागा शोधायला अजूनही कोणी पायाळू माणसाला बोलावतो, तर कोणी तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो. त्यावर हसण्याआधी हेही लक्षात घ्यावं की झाडांवरून पाणी ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे आणि त्यात जांभूळ, उंबर, वारूळ अशा खुणा दिल्या आहेत. उंबर जिथे बारमाही तजेलदार दिसतो तिथे ओल उथळ असते, हे खरंच. मात्र ओल असणं वेगळं आणि विहिरीला भरणा असणं वेगळं. नारळ उभा राहिल्यावर ज्याने कर्ज काढून खोदाई केली, त्याला हा फरक पुरेपूर कळतो.

खडकापेक्षा उदार साठा नदीच्या वाळूत असतो. नदी वरून कोरडी पडली तरी वाळू हात-दोन हात उकरली की पाणी लागतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. वाटीने पाणी काढायचं, थांबायचं, परत झिरपलं की परत भरायचं. वाळूची पाणी सोडण्याची क्षमता वीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे बेसाल्टच्या दहापट. शिवाय उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊन जाते, पण वाळूच्या वरच्या थराने आडोसा केला की खालचं पाणी जवळपास सुरक्षित राहतं. पन्नास मीटर रुंद पात्रातून किलोमीटरभर लांबीत मीटरभर वाळू उचलली, तर ट्रकांतून गेलेल्या वाळूबरोबर सुमारे एक कोटी लिटरची साठवण जाते. वर काढलेल्या घरगुती गरजेच्या हिशेबाने हे दोन हजार वस्तीच्या गावाचं तीन महिन्यांचं पाणी झालं. वाळूच्या लिलावात ही किंमत कोणी धरत नाही.

माणसाच्या आधी या खोऱ्यात तगून राहायला शिकली ती झाडं आणि जनावरं, आणि त्यांची रीत नीट पाहिली तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. साग माती पार कोरडी पडायची वाट पाहत नाही. जमिनीत ओल शिल्लक असतानाच तो आपली ताटाएवढी पानं टाकायला लागतो. पान गेलं की पानावाटे उडून जाणारं पाणी वाचतं. पळस आणि मोह तर पानं उतरवून त्याच बोडक्या फांद्यांवर फुलतात. काही झाडांना ऐन वैशाखात, पावसाचा पत्ता नसताना नवी पालवी येते. खोल गेलेली मुळं आणि मधला काटकसरीचा काळ यांच्या जोरावर ते जमतं. खाली खान्देशाकडच्या उघड्या टेकड्यांवर अंजन याच शिस्तीने उभा असतो. जनावरांचंही तसंच. मोठा बेडूक चिखलात गाडून घेऊन महिनोन्‌महिने पडून राहतो. खेकडा बिळात खोल उतरतो. मरळ मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून गढूळ, आटत्या पाण्यातही तग धरतो. बाकीच्या माशांना मात्र डोह लागतो. मे महिन्यात एका नदीवर किती डोहांत पाणी शिल्लक आहे, एवढं दरवर्षी नुसतं मोजून ठेवलं तरी त्या नदीच्या तब्येतीचा उत्तम आलेख मिळेल. शेवटच्या डोहात कोणी मोटार टाकून तो रिकामा केला, तर नुकसान त्या उन्हाळ्यापुरतं राहत नाही. पुढच्या पावसात नदी भरते, पण माशांचं बी उरलेलं नसतं.

या सगळ्यांत समान काय? साठा संपण्याआधी खर्च कमी करणं. सागाला पाणी वाढवता येत नाही, त्यामुळे तो गरज घटवतो, आणि वेळेवर घटवतो.

माणसांनी हेच केलेलं पाहायचं असेल तर फड पद्धत पाहावी. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत, पांझरा, मोसम, आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर ती तीन-चारशे वर्षं चालत आली. कळवणच्या शेजारच्या सटाण्यातून वाहणारी आरम पुढे गिरणेलाच मिळते. नदीत जिथे पक्का खडक लागतो तिथे दगडी बंधारा. बंधाऱ्याच्या बाजूने निघणारा पाट दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत लांब. पाटाखालचं कायम बागायतीचं रान साधारण चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक: एक-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी कोणी आपलं आपण घ्यायचं नाही. ते भरायला पाटकरी नेमलेला. पिकाच्या राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने. पाटातला गाळ काढायला सगळे बागायतदार एकत्र.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या रचनेची खरी हुशारी बंधाऱ्याच्या दगडांत नाही. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे हंगामाच्या तोंडाशीच सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बहुतेक बागायतदारांच्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. त्यामुळे एक फड कोरडा ठेवला की तोटा सगळ्यांत वाटला जातो. एकट्याचं घर बसत नाही. पाणी कमी असताना ते सगळ्या रानावर पातळ पसरून सगळंच पीक वाळवण्यापेक्षा अर्धं रान पूर्ण भिजवायचं. एका फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळीही एकच, आणि चोरी लगेच दिसते. आजच्या भाषेत याला मागणीचं व्यवस्थापन म्हणतील. ही व्यवस्था नुसती आदर्श होती असं मात्र समजू नये. फडात जमीन असलेल्यांची ती सोय होती. ज्याला जमीनच नाही, त्याचा पाण्यावर हक्क नव्हता आणि त्या बैठकीत त्याची जागाही नव्हती.

फड मोडकळीला कसे आले, हेही अभ्यासाचाच भाग. नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. खुद्द कळवणात गिरणेवर चणकापूर झालं, १९७३ साली, सुमारे ८० दशलक्ष घनमीटर साठवणीचं. पुनदवर अर्जुनसागर झालं. नदीचा प्रवाह आता पावसावर कमी आणि आवर्तनाच्या वेळापत्रकावर जास्त चालायला लागला. त्यातच विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्या रानात विहीर आहे त्याला पाटकऱ्याच्या पाळीची वाट पाहायची गरज उरली नाही आणि फडातलं एकच पीकही नको झालं.

धरणाचं पाणी नदीतून सोडतात तेव्हा काय होतं, हे पाहिलं की टंचाईचं राजकारण स्पष्ट होतं. मालेगावची तहान बऱ्याच अंशी चणकापूरवर अवलंबून आहे. आवर्तन सुटलं की नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडायचे आदेश निघतात, नाहीतर पाणी मुक्कामी पोचायच्या आत वाटेत उपसलं जाईल. तरीही कोरड्या पात्रात पुष्कळ पाणी जिरतं. पाटबंधारे खात्याच्या कागदांत त्याला वहनव्यय म्हणतात. काठच्या विहिरीच्या मालकासाठी तोच वहनव्यय म्हणजे पुनर्भरण. त्याची विहीर त्या आठवड्यात दोन हात चढते. पुनदचं पाणी जलवाहिनीतून सटाणा शहराला न्यायची योजना आली तेव्हा कळवणकरांनी कडाडून विरोध केला, त्यामागचं एक कारण इथे शोधावं. पाइपातून जाणारं पाणी वाटेत कोणाचीच विहीर भरत नाही. सटाण्याची तहान खोटी होती असं नाही. पण अभियंत्याला जी बचत वाटते, ती काठावरच्या माणसाला कपात वाटते, आणि दोघांचेही आकडे बरोबर असतात.

उलट बाजूचा एक दाखला शेजारच्या दिंडोरी तालुक्यात आहे. वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, वाटप आपण करायचं, पट्टी आपण गोळा करायची. शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा आला तो २००५ मध्ये. हे काम त्याच्या आधीचं. फडातली सामूहिक शिस्त धरणाच्या कालव्यावर आणता येते, एवढं तिथे दिसलं.

कळवणात मात्र आज खरा पेच बोअरचा आहे. उघड्या विहिरीत डोकावलं की साठा दिसतो. कडेचा शेवाळाचा पट्टा सांगतो की पाणी किती उतरलं, आणि येता-जाता शेजाऱ्यालाही ते दिसतं. पातळी खाली गेली की आधी विहीर खोल करतात, मग तिच्या पोटात आडवे बोअर मारतात, आणि शेवटी रानात उभं बोअर घेतात. त्यात सबमर्सिबल पंप गेला की सहा इंची भोकात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. पंप हवा ओढायला लागला की कळतं, आणि तेव्हा कांदा पोसायच्या ऐन टप्प्यात असतो. सागाला मिळणारी आगाऊ सूचना शेतकऱ्याच्या हातून गेली आहे. शिवाय खोल बोअरला लागलेलं पाणी कुठल्या थरातलं आणि ते किती वर्षांत मुरलेलं, हे वरच्या विहिरीवरून ओळखता येत नाही. ठिबक आलं, अस्तर घातलेली शेततळी आली, हेक्टरी पाणी कमी लागायला लागलं. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं की आणखी दोन एकर लागवडीत गेलं, हे त्याच शेतकऱ्याच्या पुढच्या वर्षीच्या क्षेत्रावरून तपासायला हवं. बऱ्याचदा दुसरंच घडलेलं असतं.

म्हणून अभ्यासकाच्या प्रश्नावलीत ‘पाणी पुरतं का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा विचारावं: पाणी कमी पडणार हे तुम्हाला कुठल्या महिन्यात कळलं? कशावरून कळलं? कळल्यावर काय कमी केलं, आणि आधी काय कमी केलं? घरात हा प्रश्न बाईला विचारावा, कारण पाणी भरण्याचा वेळ तिचा जातो आणि कपातही तीच ठरवते: आधी धुणं लांबतं, मग जनावरांना नदीवर पाठवतात, पिण्याच्या हंड्याला सगळ्यात शेवटी हात लागतो. चैत्रात गडावर खान्देशातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते तेव्हा हाच प्रश्न सप्तशृंग गडावरच्या रहिवाशांना विचारून पाहावा. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि भवानी पाझर तलावाची उतरती पातळी तिथे एकाच वेळी येतात.

या सगळ्या नोंदींत एक तारीख सोन्यासारखी आहे. निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरची पातळी म्हणजे पावसाने जमिनीत एकूण किती टाकलं याचा निकाल. नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याचं उळे, म्हणजे रोपांचं बी, टाकायची तयारी सुरू असते आणि किती एकर लावायचा हे घरोघरी ठरत असतं. फडाची बैठक इथेच बसली असती. आज उळे टाकताना विहीर क्वचितच कोणी मोजतो; कळवण आणि अभोण्याच्या मार्केटातला भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो. गेल्या हंगामात भाव चढा गेला असेल, तर पातळी मीटरभर खाली असूनही लागवड वाढलेली दिसते. त्यामुळे वहीत ऑक्टोबरच्या पातळीशेजारच्या रकान्यात त्या आठवड्याचा कांद्याचा भावही लिहून ठेवावा लागतो. मे महिन्यातला आकडा समजून घ्यायला पुढे तोच उपयोगी पडतो.